टाकी पाहा आधी

फोन फेब्रुवारीत आला. मी हिंजवडीत ऑफिसच्या कँटीनमध्ये बसले होते. बाबा स्वतःहून फोन करत नाहीत. आई लावते आणि त्यांच्या कानाला धरते. त्या दिवशी त्यांनी स्वतः लावला होता.

"बंद पडून राह्यलं," ते म्हणाले.

"काय?"

"इंजन. वीस-पंचवीस मिनिटं चालते अन् बंद पडते. थोडं थांबलं का मंग पुन्हा चालू होते."

माझं काम बघितलं तर हेच आहे. कुठली तरी सर्व्हिस वीस मिनिटं चालते, मग पडते, रीस्टार्ट केली की पुन्हा उठते, आणि रात्री दोन वाजता कुणीतरी मला उठवतं. मी लगेच प्रश्न विचारायला लागले. धूर कसला येतो? आवाज बदलतो का? तापतं का फार? बाबांनी सगळ्यांची उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाले, "मले वाटते टाकी पाहा लागन आधी."

मी म्हटलं, "बाबा, इंजिन चौदा वर्षांचं झालं. टाकीचं काय घेऊन बसलात?"

ते "बरं" म्हणाले. बाबांचं "बरं" म्हणजे संभाषण संपलं.

आमचं गाव पुसद तालुक्यात, इसापूर धरणाच्या पाण्याला लागून. नकाशात पैनगंगा विदर्भ आणि मराठवाड्याच्या मधल्या सीमेसारखी दिसते. इसापूरला तिला अडवलं आणि त्या सीमेचा समुद्र झाला. सुमारे ९६४ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा, आणि त्यावर हिंगोली, नांदेड, यवतमाळची शेती. आजोबांचं गाव ह्या पाण्याखाली आहे. मोठ्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की एका विहिरीचं बांधकाम वर येतं आणि आजी जिवंत होती तोवर ते दुरून बघून म्हणायची, "तिथून मी पाणी शेंदत होती." शेतकऱ्यांना जमिनीचा मोबदला मिळाला. आमची नदी होती. नदीचा मोबदला कसा काढतात ते कुणाला माहीत नव्हतं. मग आम्ही त्याच पाण्यात जाळी टाकायला लागलो. रोहू, कटला, मृगळ आणि कुणी सोडलेली नसतानाही सगळीकडे असलेली चिलापी.

बाबांची बोट फायबरची, सोळा फुटी. २०११ मध्ये एका दूरच्या तलावावर पर्यटकांना फिरवून म्हातारी झालेली ती बोट त्यांनी टेम्पोत घालून आणली. इंजिन त्यांनी स्वतः बसवलं. बोटीचं इंजिन म्हटल्यावर तुम्हाला पांढरं, गुळगुळीत, मागे लटकणारं काहीतरी आठवेल. तसलं आउटबोर्ड ओल एव्हिनरूडने अमेरिकेत १९०९ पासून विकायला सुरुवात केली आणि शंभर वर्षांनीही ते पुसदच्या बाजारात मिळत नव्हतं. मिळत होतं ते पाण्याच्या पंपाचं इंजिन. पेट्रोलवर सुरू करायचं, गरम झालं की कॉक फिरवून रॉकेलवर टाकायचं. शेतकरी ते खांद्यावर टाकून नाल्यावर नेत असत. बाबांनी त्याचा पंप काढला, एका फॅब्रिकेटरकडून सात-आठ फुटांचा लोखंडी पाइप, आत शाफ्ट, टोकाला पंखा असं करून घेतलं आणि सगळं मागच्या फळीवर एका खिळीवर बसवलं. दांडा डावी-उजवीकडे फिरवला की बोट वळते, खाली दाबला की पंखा पाण्याबाहेर येतो. थायलंडमध्ये ह्याला लांब शेपटीची बोट म्हणतात आणि तिच्यात बसायला परदेशी लोक पैसे देतात, हे मला कॉलेजात गेल्यावर यूट्यूबवर कळलं. बाबांना व्हिडिओ दाखवला तर म्हणाले, "त्याईनं पाइप बारीक वापरला."

इंजिनासाठी आईच्या बचत गटातून कर्ज काढलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इंजिनाची स्वतःची टाकी छोटी, म्हणून बाबांनी मागे एका लोखंडी स्टँडवर पत्र्याची पंधरा लिटरची मोठी टाकी बसवली. इंजिनापेक्षा उंच, म्हणजे तेल आपोआप खाली उतरतं, पंप लागत नाही. टोपणाला खिळ्याने पाडलेलं एक भोक. त्या टाकीत वर्षानुवर्षं रॉकेल होतं. मग रेशनचं रॉकेल कमी होत होत मिळेनासं झालं, उघड्या बाजारातलं परवडेना, आणि बाबांनी त्याच टाकीत पेट्रोल ओतायला सुरुवात केली. ह्या एका ओळीच्या बदलाचा परिणाम काय होईल ह्याचा विचार घरातल्या इंजिनिअरने करायला हवा होता. घरातली इंजिनिअर तेव्हा पुण्यात एका क्लाउडवरून दुसऱ्या क्लाउडवर कुणाचा तरी डेटा हलवत होती.

होळीला गावी गेले ती ठरवूनच. नवं इंजिन घ्यायचं. साडेपाच हॉर्सपॉवरचं, फोर स्ट्रोक, नवा शाफ्ट, नवा पंखा, सगळं मिळून एकतीस हजार. बाबा नको म्हणत होते. मी त्यांना एका मेकॅनिककडे नेलं. त्याने जुनं इंजिन बाकावर ठेवलं, सलाइनच्या बाटलीतून पेट्रोल सोडलं, दोरी ओढली. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं आणि चांगली चाळीस मिनिटं चाललं. थोडा निळसर धूर होता. मेकॅनिक बाबांकडे बघून म्हणाला (प्रश्न मी विचारत होते, उत्तरं बाबांना मिळत होती), "रिंगा गेल्या. चालन अजून. पण भरोसा नाही."

आता हा प्रसंग मी नंतर मनात पन्नासदा चालवून पाहिला आहे. बोटीवर पंचवीस मिनिटांत बंद पडणारं इंजिन बाकावर चाळीस मिनिटं चालतं. दोन्हीकडे इंजिन तेच आहे. बदललं आहे ते फक्त तेल कुठून येतं हे. पहिल्या वर्षाच्या पोरालाही उत्तर सांगता आलं असतं. पण मी "भरोसा नाही" एवढंच ऐकलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. पगार सुरू होऊन सहा वर्षं झाली होती आणि बाबांना डोळ्यांना दिसेल असं मी काहीच घेऊन दिलं नव्हतं. फोन दिला तर त्यांनी तो आईला दिला.

नवं इंजिन बसवलं. त्याच्या स्वतःच्या तीन लिटरच्या टाकीवर किनाऱ्याजवळ पंधरा मिनिटं चालवलं. झकास. मोठ्या टाकीची नळी नव्या इंजिनाला बसत नव्हती, मधला जोड ऑनलाइन मागवावा लागणार होता. तोवर बाबा छोट्या टाकीवर जवळची जाळी बघणार. माझ्या हातात दोन दिवस उरले होते, म्हणून मी मोठी टाकी बाहेरून घासली, रेड ऑक्साइड मारलं आणि वर निळा ऑइलपेंट दिला. टोपणासकट. एकदम नव्यासारखी दिसायला लागली. फोटो काढून स्टेटसला ठेवला.

जुनं इंजिन भंगारात दिलं. दोन हजार दोनशे आले. आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "सतरा हप्ते भरले होते म्या त्याचे." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मी ते पैसे तिच्या हातात दिले, तिने ते न मोजता डब्यात ठेवले.

मार्च आणि एप्रिल मस्त गेले. एकही तक्रार नाही. मी ऑफिसात एकदोघांना सांगितलंसुद्धा, की कधी कधी जुन्याला ठिगळं लावण्यापेक्षा सरळ नवीन घ्यावं. मेच्या सुरुवातीला जोड आला, व्हिडिओ कॉलवर बाबांकडून बसवून घेतला. मोठी टाकी जोडली. दोन फेऱ्या भर दुपारी झाल्या, काही झालं नाही.

२०२५ चा मे उन्हाळ्यासारखा गेलाच नाही. रोज संध्याकाळी काळं व्हायचं, वारं सुटायचं. आदल्या वर्षी, २१ मे २०२४ ला, उजनीच्या पाण्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट अशाच वाऱ्यात उलटली होती आणि सहा जण गेले होते. एकजण पोहत किनाऱ्याला लागला. ती बातमी वाचल्यापासून मी रोज संध्याकाळी हवामानाच्या ॲपमध्ये पुण्याच्या आधी पुसद बघत असे. सवयच लागली होती. ज्यांनी धरणाचं पाणी फक्त पुलावरून पाहिलं आहे त्यांना वाटतं, तलावच तो, त्याला कसल्या लाटा. पण दहा-बारा किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून वारं आलं की जी लाट उठते ती आखूड आणि उभी असते. ती बोटीला झुलवत नाही, थपडा मारते.

रात्री नऊला आईचा फोन. "तुहे बाबा आले नाहीत."

नऊ ते दोन ह्या पाच तासांबद्दल माझ्याकडे लिहिण्यासारखं फार नाही. मी पुण्यात होते. काकांना फोन केले, ते दोन पोरं घेऊन बॅटऱ्या घेऊन किनाऱ्यावर गेले, पण त्या वाऱ्यात दुसरी बोट काढणं म्हणजे शोधायच्या माणसांत भर. बाबांचा फोन लागत नव्हता. २२ जुलै २०२३ ला महागाव तालुक्यात आनंदनगर तांडा पुरात अडकला तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवली होती. ते मला आठवलं आणि मी रात्री साडेअकराला "हेलिकॉप्टर" असं सर्च केलं. पुढे काय टाइप करायचं ते कळेना.

दोन वाजून दहा मिनिटांनी बाबा वल्हं मारत आले. ठरलेल्या जागेपासून तीन किलोमीटर खाली लागले होते. बोट तिथेच बांधून चालत घरी आले, अंघोळ केली, भात खाल्ला आणि झोपले. हे मला आईने सांगितलं. मी पहाटेची ट्रॅव्हल्स पकडली.

मी पोचले तेव्हा बाबा बोटीत बसून जाळं सोडवत होते. मला बघून म्हणाले, "काऊन आली? सुट्टी हाय का?"

मी उत्तर दिलं नाही. बोटीत चढले आणि टाकीपाशी गेले. माझा निळा रंग चकाकत होता.

मग त्यांनी सांगितलं. संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून ते लांब गेले होते. परतताना वारं सुटलं, गारा नव्हत्या पण पाऊस एकदम बर्फासारखा गार, आणि दोन मिनिटांत इंजिन बंद. दोरी ओढली, पुन्हा ओढली. मग त्यांनी टाकीचं टोपण फिरवलं. "हुस्स केलं तिनं," बाबा म्हणाले. "जशी का दम कोंडून बसली होती." दोरी ओढली, इंजिन सुरू. टोपण अर्धं उघडं ठेवून ते दहा मिनिटं चालले. मग पुन्हा बंद. ह्या वेळी टोपण उघडून काही झालं नाही.

म्हणजे दोन वेगळे बिघाड होते, एकामागे एक उभे.

मी टोपण काढून उन्हात धरलं. खिळ्याचं भोक दिसतच नव्हतं. वरून माझा ऑइलपेंट, एकसारखा, सुबक. टाचणीने तो खरवडला तर आत माती. सुकलेली, बारीक, घट्ट. कुंभारीण माशी. मातीचं घर बांधायला तिला बारीक भोक मिळालं की झालं. टोपणाच्या आतल्या बाजूने तिने जानेवारीत कधीतरी घर बांधलं असणार. टाकीतून तेल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत यायला हवी. नाही आली तर आत पोकळी होते आणि तेल थांबतं. माशीच्या मातीतून थोडी हवा येत होती, म्हणून फेब्रुवारीत इंजिन पंचवीस मिनिटं चालायचं आणि थांबलं की पुन्हा चालू व्हायचं. माझ्या रंगाने तीही वाट बंद केली. मग मेमधल्या दुपारच्या फेऱ्या का जमल्या? उन्हात टाकी तापते, आतली वाफ फुगते, तेल खाली ढकलते. वादळाच्या गार वाऱ्याने टाकी निवली, वाफ आकसली, आणि नेमकं त्याच वेळी तेल थांबलं. वादळ यायच्या क्षणी इंजिन बंद पडेल अशी यंत्रणा मी स्वतःच्या हाताने, ब्रशने, तयार केली होती.

हे मी बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, "हो. तेच म्हणलं होतं म्या टाकी पाहा म्हणून." आणि मग, माझ्या चेहऱ्याकडे बघून, "रंग चांगला दिला पण तू."

दुसरा बिघाड. टाकीच्या तळातून एक काचेची बाटली भरून काढली आणि उजेडात धरली. बाटलीत दोन थर होते. वर पिवळसर पेट्रोल, खाली तीन बोटं गढूळ, तपकिरी पाणी, आणि तळाशी गंजाचे कपचे. थोडं पाणी त्या रात्रीच्या पावसाचं, टोपण उघडं होतं म्हणून. पण एवढं एका रात्रीत येत नाही.

आपल्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. जून २०२२ मध्ये देशात सरासरी दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्केवालं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं, आणि वीस टक्क्यांचं जे लक्ष्य २०३० चं होतं ते २०२५ वर ओढून आणलं. त्यावर गाडीच्या ॲव्हरेजवरून बरीच भांडणं चालू असतात, त्यात मला पडायचं नाही. उसाला भाव मिळतो म्हणणारे आमच्या घरातही आहेत. बोटीपुरतं एवढंच की इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. नुसतं पेट्रोल पाण्याला जवळ येऊ देत नाही; इथेनॉल हवेतली वाफसुद्धा स्वतःत घेतं. थोडं पाणी मुरतं आणि कळतही नाही. एका मर्यादेपलीकडे गेलं, किंवा गारठा पडला, की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडून पाण्याचा हात धरतं आणि दोघं मिळून तळाशी जाऊन बसतात. नळी तळाशीच असते. रोज धावणाऱ्या मोटरसायकलची टाकी चार दिवसांत रिकामी होते, तिला हे कळतही नाही. पाण्यावर उभी असलेली, अर्धवट भरलेली, दिवसा तापून रात्री निवणारी, पंधरा पंधरा दिवस तशीच राहणारी पत्र्याची टाकी म्हणजे ह्या सगळ्यासाठी मांडलेलं घरच. त्यात ते पाणी पत्र्याला बसून गंज काढतं. रॉकेलने इतकी वर्षं ती टाकी आतून तेलकट ठेवली होती.

लाटांत ते सगळं ढवळलं आणि नळीत गेलं. नव्या इंजिनाने पाणी प्यायलं आणि बंद पडलं. जुनं असतं तर तेही पडलं असतं. इंजिनात, दोन्ही इंजिनांत, काही नव्हतं.

बाबा जाळं बाजूला ठेवून म्हणाले, "म्या पाहा म्हणलं आत काय हाय ते. अंधार होता. काडी पेटवली, पण पेटलीच नाही. भिजली होती पेटी."

"कुठे पेटवली?"

"टाकीपाशी. आत पाहाले."

मी खाली बसले. बोटीच्या फळ्यांखाली पेट्रोलचा वास येत होता. मला तो मार्चमध्येही आला होता, मला वाटलं बोटीला असाच वास असतो.

बाबांच्या सगळ्या सवयी रॉकेलच्या आहेत. रॉकेलवर काडी टाकली तर बहुतेक वेळा काडीच विझते. पेट्रोल शून्याखाली चाळीस अंशांनाही पेटेल इतकी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा जड, म्हणजे उडून जात नाही, बोटीच्या तळाशी फळ्यांखाली पाण्यासारखी साचते. हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के वाफ असली की ठिणगीच पुरते. चौदा वर्षं ते त्या टाकीशेजारी बसून बिडी ओढत आले. मी हे त्यांना सांगितलं, आकड्यांसकट, जरा जोरातच. ते ऐकत होते. मग त्यांनी खिशातली बिडी आणि पेटी काढली आणि किनाऱ्यावरच्या दगडावर नेऊन ठेवली. तेव्हापासून ती तिथेच असते, प्लास्टिकच्या डबीत.

टाकी घरी आणली. मला नवी प्लास्टिकची घ्यायची होती, जाड, गंज न धरणारी. ऑनलाइन दिसतही होती. बाबा म्हणाले, ह्या महिन्यात तू लय खर्च केला. आणि खरं सांगायचं तर काहीतरी नवीन विकत घेण्याबद्दल बोलायचा माझा अधिकार त्या आठवड्यात शिल्लक नव्हता.

गंज काढायला मी किराणा दुकानातून निंबूफूल आणलं. आईने ते बघितलं, आत गेली आणि मूठभर चिंच घेऊन आली. "पितळेले चालते मंग याले का नाही चालनार?" दोन्ही आंबटच. एकात सायट्रिक आम्ल, दुसऱ्यात टार्टारिक, दोन्ही गंज विरघळवतात. चिंचेचा कोळ टाकीच्या कोपऱ्यांतून काढायला पुढे कसा त्रास झाला ते आईला सांगितलेलं नाही. आधी साबणाच्या गरम पाण्याने सात-आठ वेळा धुऊन पेट्रोल घालवलं. मग आंबट पाणी आणि मूठभर नटबोल्ट आत टाकून मी आणि बाबा दोन बाजूंनी धरून ती टाकी पाळण्यासारखी हलवत बसलो. अर्धा तास हलवायची, ओतायची, पुन्हा भरायची. बाहेर आलेलं पाणी कडक चहासारखं. एकमेकांसमोर इतका वेळ बसण्याची आमची बहुधा पहिलीच वेळ. त्यांनी विचारलं, "तुह्या कामात काय बिघडते नेमकं?" मी म्हटलं, "असंच. बिघाड एकीकडे असतो आणि आम्ही दुसरीकडे दुरुस्त करतो." ते हसले नाहीत. म्हणाले, "अन् तरी पगार भेटते."

सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारून, वाळवून, दुसऱ्या दिवशी टाकीत साधं पाणी भरलं. तळातून तीन ठिकाणी थेंब यायला लागले.

गंज काढला आणि टाकी गळायला लागली. म्हणजे इतके दिवस गंजानेच भोकं बुजवून धरली होती, जेमतेम. फळ्यांखालचा वास तिथूनच झिरपत होता. ज्यांनी जुन्या कोडमधली "निरुपयोगी" ओळ काढून टाकली आहे त्यांना हा थेंबांचा आवाज ओळखीचा वाटेल.

पुसदला पहिल्या वेल्डिंगच्या दुकानात टाकी दाखवली. "कायची हाय?" "पेट्रोलची." "नाही बापा." दुसऱ्यानेही हात जोडले. रिकामी पेट्रोलची टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. भरलेलीत हवेला जागा नसते, रिकामीत वाफ आणि हवा नेमकी हवी तशी मिसळलेली. शिवणीत, गंजाच्या थरात चिकटलेलं पेट्रोल धुतल्यावरही राहतं आणि गरम झालं की पुन्हा वाफ होतं. हे दोघंही मला पुस्तकातून सांगत नव्हते. दुसऱ्याच्या डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत होती.

त्यानेच रस्ता सांगितला. वेल्डिंग नको, रेडिएटरवाल्याकडे जा. ट्रॅक्टर-ट्रकचे रेडिएटर दुरुस्त करणारे एक म्हातारे चाचा एका बोळात बसतात. त्यांनी टाकी हुंगली, पाण्याने भरायला लावली, उलटी-आडवी करून जिथे भोक तेवढाच भाग पाण्यावर राहील अशी विटांवर टेकवली. म्हणजे आत वाफेला जागाच नाही. पत्रा कानशीने घासून चकचकीत केला, ब्रशने आम्ल लावलं, आणि जाळ टाकीजवळ न आणता, लांब भट्टीत तापवलेल्या तांब्याच्या खाऱ्याने कथलाचा डाक दिला. पाण्याने पत्रा लवकर तापत नव्हता, त्यामुळे एकेका भोकाला वीस-वीस मिनिटं लागली. चाचांना घाई नव्हती. मोठ्या भोकावर त्यांनी पत्र्याचा रुपयाएवढा तुकडा बसवला. मग मी विनंती केली म्हणून सगळ्यात खालच्या कोपऱ्यात एक छोटा पितळी कॉक बसवून दिला, तळाचं पाणी काढायला. साडेतीनशे रुपये घेतले. मी पाचशे दिले तर दीडशे परत केले.

टोपणाला आता भोकाऐवजी खाली वाकलेली बारीक नळी आहे, टोकाला तारेची जाळी, म्हणजे पाऊसही नाही आणि माशीही नाही. इंजिनाच्या आधी एक पारदर्शक गाळणी आहे. टाकीला आतून गंज पुन्हा धरणार, ते मला माहीत आहे. दोन वर्षं निघाली तरी पुष्कळ. तेव्हा प्लास्टिकची घेऊ असं ठरलं आहे, म्हणजे मी म्हटलं आणि बाबा "बरं" म्हणाले.

निघायच्या आदल्या दिवशी कुणाला न सांगता भंगारवाल्याकडे गेले. जुनं इंजिन आहे का? तो हसला. ॲल्युमिनियम वेगळं, बीड वेगळं, तांबं वेगळं, सगळं एप्रिलमध्येच गाडीत भरून गेलं होतं. "इंजन चांगलं होतं तुमचं," तो म्हणाला, "आमच्या पोरानं खोलाच्या आधी चालवून पाह्यलं." मी घरी आले. आईने विचारलं कुठे गेली होतीस, मी म्हटलं बाजारात. तिने रिकाम्या हातांकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

बोट पाण्यात घातली तेव्हा बघितलं, मोठी टाकी स्टँडला बांधायला बाबांनी एक दोरी वापरली होती. काळी पडलेली, मधे मधे गुळगुळीत, एका टोकाला लाकडाची मूठ. जुन्या इंजिनाची ओढायची दोरी. भंगारात देताना त्यांनी काढून ठेवली होती तर.

दर रविवारी सकाळी आता मला एक फोटो येतो. आईच्या फोनवरून, खाली एक अक्षर नाही. बाबांची बोटं, बोटांत औषधाची काचेची बाटली, मागे इसापूरचं पाणी आणि उजेड. तळाच्या कॉकमधून काढलेलं पेट्रोल असतं त्यात. मी झूम करून बघते. कधी एकच थर असतो. कधी तळाला मोहरीएवढा पाण्याचा मणी दिसतो, मग मी लिहिते, "अजून थोडं काढा." गेल्या रविवारी मणी दिसला म्हणून लिहिलं, तर पाच मिनिटांनी दुसरा फोटो आला, आणि पहिल्यांदाच खाली काहीतरी टाइप केलेलं होतं, आईने की त्यांनी कोण जाणे.

"काढल"